कॅमेरा लॉक केला तरी मान टाकतोय? नवीन हेड घ्यायच्या आधी एवढं बघा

ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आलीये की आता फोनवर समोरच्यानं "अरे ते ट्रायपॉडचं..." एवढं म्हटलं तरी पुढचं वाक्य मला पाठ असतं. बॉल हेड (ट्रायपॉडच्या डोक्यावरचा, कॅमेरा हव्या त्या बाजूला वळवून धरणारा गोळ्याचा सांधा) आवळलं, हात काढला आणि कॅमेऱ्यानं मान टाकली. माझी स्वतःची दोन हेड आणि आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमधल्या लोकांची वीसेक तरी बघून झाली असतील, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा हेडचा काही दोषच नव्हता. लोक तेवढ्यात नवीन हेड घेऊन मोकळे झालेले असतात. आमच्यातले एक काका, रिटायर झाल्यावर पक्ष्यांच्या नादी लागलेले, त्यांनी तर तिसरं हेड घेतलं तेव्हा मला फोन केला. त्यांची गोष्ट पुढे येईलच.

आधी लक्षण नीट ओळखा

"हलतंय" एवढ्यावर काही कळत नाही, कसं हलतंय ते बघावं लागतं.

- हात सोडल्याबरोबर फ्रेम किंचित खाली बसते आणि मग तिथेच थांबते.
- फ्रेम थांबतच नाही, हळूहळू सरकत राहते. पहिल्या फोटोत झाड मध्यभागी असतं आणि विसाव्या फोटोत वरच्या कडेला गेलेलं असतं.
- आडवा कॅमेरा एकदम ठीक, उभा केला की आपला आपण फिरतो.
- डावीकडे पॅन केलं, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवला, की हेड सैल पडतं, उजवीकडे केलं की पुन्हा घट्ट.
- कॅमेरा खाली किंवा आकाशाकडे रोखला की फ्रेम लहान-मोठी होते.
- नॉब जीव खाऊन आवळावा लागतो, किंवा आवळतानाच गोल गोल फिरत राहतो.
- बॉल हलवताना अडकत-अडकत झटक्यानं हलतो, त्यामुळे हवी ती फ्रेम बसतच नाही.

यातलं पहिलं लक्षण म्हणजे बिघाड नाही हे आधीच सांगून टाकतो. ३०० मिमीची लेन्स लावल्यावर हात काढताना फ्रेम जराशी खाली बसणारच, कारण प्लेटवरचं रबर (प्लेट म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला लावायची पट्टी), ती प्लेट धरणारा क्लॅम्प, बॉलची मान, लेन्सचा पाय (जड लेन्सला खालून असलेला, ट्रायपॉडवर लावायचा भाग) हे सगळं थोडं थोडं लवतं आणि लांब लेन्समध्ये तेवढंही डोळ्यात भरतं. महागड्या हेडवर हे कमी होतं, पण अगदी शून्य होत नाही. त्यावर उपाय एवढाच की फ्रेम मुद्दाम किंचित वर धरायची, लॉक करायची आणि ती बसली की बघायचं, दोन-तीनदा केलं की हाताला अंदाज येतो. खरा त्रास देतं ते दुसरं लक्षण, सरकत राहणारं.

मला ते पहिल्यांदा कळलं काजव्यांच्या वेळी. मे संपता संपता, पाऊस यायच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे काजवे असतात, एकेक फोटो २५ सेकंदांचा, असे दीड-दोनशे फोटो काढून मग ते एकावर एक चढवायचे. घरी येऊन चढवले तर झाडाचं खोड एक नाही, चार. म्हणजे दीड तास मी अंधारात डास मारत बसलो होतो आणि शेजारी कॅमेरा सावकाश मान खाली घालत होता. पुढच्या वर्षीपर्यंत काजवे काय परत येत नाहीत!

फुकटातलं: सरकतंय कुठे ते शोधा

ही टेस्ट केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. कॅमेऱ्यापासून जमिनीपर्यंत मोजलं तर सात-आठ जोड असतात: कॅमेरा आणि प्लेट, प्लेट आणि क्लॅम्प, बॉल आणि त्याची वाटी, पॅनचा बेस, हेड आणि ट्रायपॉड, मधला दांडा, पायांचे सांधे. दोष यातल्या एकाच जोडात असतो आणि आपण मात्र दरवेळी बॉलवर खापर फोडतो.

घरी ट्रायपॉड उभा करा, तुमची सगळ्यात जड लेन्स लावा आणि समोरच्या खिडकीच्या गजावर किंवा टाइलच्या सांध्यावर रोखा. प्रत्येक जोडावर कागदी मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावा, त्यावर जोड ओलांडून जाणारी पेन्सिलची रेघ मारा आणि मग जोडाच्या जागी टेप ब्लेडनं हलकेच कापा, म्हणजे रेघ राहील पण टेप जोडाला धरून ठेवणार नाही (ब्लेड पेंटवर ओढू नका, मी एकदा ओढलंय). बॉलवर टेप बसत नाही, तिथे वाटीच्या कडेवर आणि बॉलवर समोरासमोर पेन्सिलची खूण पुरते, नंतर पुसता येते. मग लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर दिसणारं चित्र) फुल झूम करून, दोन सेकंदांच्या टायमरवर एक फोटो लगेच, एक पाच मिनिटांनी, एक पंधरा मिनिटांनी. मध्ये हात लावायचा नाही, पंखा बंद, आणि फरशी हलत असेल तर पोरांना बाहेर पाठवा.

पंधरा मिनिटांनी जी रेघ तुटलेली दिसेल तो तुमचा चोर.

काकांच्या ट्रायपॉडवर रेघ तुटली ती मधल्या दांड्याची. दांड्याचं कॉलर झिजलं होतं, दांडा मिलिमीटर-मिलिमीटर खाली उतरत होता आणि थोडा फिरतही होता. तीन हेड बदलून दांडा तोच! दांडा पूर्ण खाली बसवला आणि तक्रार तिथल्या तिथे संपली. तसाही दांडा वर काढला की तीन पायांचा ट्रायपॉड एका पायावर उभा राहतो, उंचीची अगदीच अडचण असल्याशिवाय तो वापरू नका.

फ्रेम हलतेय पण एकही रेघ तुटली नाही?

मग हेड, ट्रायपॉड सगळे निर्दोष. दोन गोष्टी बघा. एक, लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय, तिलाच कंपन्या आयएस, व्हीआर म्हणतात) चालू राहिलंय का. कॅमेरा घट्ट असताना काही लेन्सचं आयएस किंवा व्हीआर उगाचच हालचाल शोधत बसतं आणि आतली काच हलल्यामुळे फ्रेम तरंगल्यासारखी सरकते, लांब एक्स्पोजरला, म्हणजे शटर बराच वेळ उघडं असताना, तर हमखास. बंद करून तीच टेस्ट परत करा. दुसरं म्हणजे झूम घसरणं, लेन्स खाली रोखली की नळी स्वतःच्या वजनानं बाहेर येते, वर रोखली की आत जाते. आपल्याला वाटतं हेड झुकलं. झूम रिंग आणि लेन्सच्या अंगावर मिळून कागदी टेपची एक पट्टी लावली की दोन रुपयांत काम झालं.

प्लेटचा स्क्रू

उभ्या फ्रेममध्ये कॅमेरा फिरतो त्याचं कारण दहापैकी आठ वेळा हेच असतं. कॅमेऱ्याखालचा स्क्रू पाव इंची, ज्याला लेथवाले दोन सूत म्हणतात. आपण तो बोटांनी आवळतो आणि समाधान मानतो. कॅमेरा आडवा असताना वजन प्लेटवर सरळ खाली येतं म्हणून काही जाणवत नाही, उभा केला की तेच वजन स्क्रूला उलटं पिळायला लागतं. त्याला खाच असेल तर नाणं घालून आवळा, ॲलन की चं भोक असेल तर ॲलन की नं, नेटानं पण दात-ओठ खाऊन नाही. प्लेटवरचं रबर चिकट किंवा गुळगुळीत झालं असेल तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. लेन्सच्या पायाला लावायच्या प्लेटला कडेला छोटा उभा कठडा असतो ना, तो पायाला टेकवून मगच आवळायचं, तो त्यासाठीच दिलेला असतो.

आणि जाड रबराच्या प्लेटवर ७०-३०० सारखी, पाय नसलेली लेन्स लावून उभी फ्रेम केली तर रबरच दबतं, कितीही आवळा. अशांनी एल ब्रॅकेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला आणि बाजूलाही बसणारी एल आकाराची प्लेट, घ्या. कॅमेरा उभा असूनही बॉलच्या बरोब्बर वर राहतो, एका बाजूला लोंबकळत नाही.

क्लॅम्प आणि प्लेटचं जमत नाही

आजकाल बहुतेक सगळं "अर्का टाइप" म्हणून विकलं जातं. मूळ डिझाइन अर्का-स्विस कंपनीचं, प्लेट साधारण ३८ मिमी रुंद, पण बाकीच्यांनी ते आपापल्या मापानं उचललंय, एखाद्या मिलिमीटरचा निम्मा-पाव भाग इकडे-तिकडे असतोच. नॉब फिरवून आवळायचा क्लॅम्प असेल तर तो हे सांभाळून घेतो. खटक्याचा, म्हणजे लिव्हरवाला क्लॅम्प असेल तर लिव्हर ठरलेल्या जागीच बंद होतो, प्लेट जरा अरुंद असली तर खटका बसल्याचा आवाज येतो आणि प्लेट आत हलत राहते. आवाजावर जाऊ नका, कॅमेरा धरून पुढे-मागे हलवून बघा. काही लिव्हरना छोटा ॲडजस्टमेंट स्क्रू असतो, नसला तर हेडच्याच कंपनीची प्लेट घ्या, काही शेकड्यांत काम होतं. मॅनफ्रोटोच्या आरसी२ ची चौकोनी प्लेट ही वेगळीच जात आहे, ती अर्कामध्ये बसत नाही, बसवायचा प्रयत्न केलेले लोक मला भेटलेत म्हणून लिहितोय.

डावीकडे पॅन केलं की सैल

हेड ट्रायपॉडवर बसतं ते तीन सुतांच्या, म्हणजे ३/८ इंची बोल्टवर. त्याचे आटे उजवे, त्यामुळे पॅनचा लॉक सैल करायला विसरून डावीकडे ढकललं की पॅन होण्याऐवजी अख्खं हेडच उघडायला लागतं. ट्रायपॉडच्या वरच्या तबकडीखाली वाकून बघा, बऱ्याच ट्रायपॉडना तिथे एक ते तीन बारीक ग्रब स्क्रू असतात, ते खालून हेडच्या बुडाला टेकतात आणि हेड फिरू देत नाहीत. बहुतेकांना ते आहेत हेच माहीत नसतं. हेड आधी हातानं पूर्ण बसवा, मग हे स्क्रू टेकतील एवढेच आवळा, जास्त आवळले तर हेड उचललं जाऊन आट्यांवर ताण येतो. हेडच्या बुडाला ३/८ ची पाव इंची करणारी पितळी बुश घातली असेल तर ती पण तपासा, ती अर्धवट बाहेर आली असली तरी हेड डुगडुगतं.

नॉब कुठला, कशासाठी

मध्यम आकाराच्या बॉल हेडला साधारण तीन नॉब असतात, मोठा लॉकचा, छोटा ड्रॅगचा (बॉल किती जड फिरावा ते ठरवणारा), खाली पॅनचा. ड्रॅगला कोणी हातच लावत नाही. मोठा नॉब सोडा, कॅमेरा दोन्ही हातांनी धरून ठेवा, ड्रॅग हळूहळू आवळा, कॅमेरा ढकलल्यावर हलेल पण सोडल्यावर पडणार नाही इथे थांबा. मग फ्रेम लावा आणि मोठा नॉब आवळा. यानं फरक पडतो कारण बॉल आधीच वाटीला धरून असतो, मोठ्या नॉबला शेवटचा पाव-अर्धा फेरा द्यायचा राहतो. एकदम सैल बॉल आवळायला गेलं की आवळतानाच तो एका बाजूला सरकतो आणि मग आपण चिडून आणखी आवळतो. ड्रॅग असा सेट झाला की कॅमेरा अचानक कोसळून स्वतःचं बोट चेपायचं पण वाचतं.

वजन कुठे आहे

मला वाटतं निम्मी दुनिया इथेच चुकते. पाण्यानं भरलेली कळशी कमरेवर घेऊन माणूस विहिरीपासून घरापर्यंत आरामात येतो, तीच हात लांब करून धरली तर दहा पावलांत खांदा भरून येतो. कळशी तीच, पाणी तेवढंच. बॉलचंही तसंच असतं. निकॉनची २००-५०० मिमी लेन्स साधारण २.३ किलोची, तिला डी७५०० कॅमेरा जोडला की ३ किलो झाले. हे ३ किलो बरोब्बर बॉलच्या वर असले तर मध्यम हेडसुद्धा सहज पेलतं, पण तीच लेन्स पुढे सहा-आठ सेंटिमीटर लोंबत असेल तर बॉलला ती पिळत राहते आणि बॉल कधी ना कधी हार मानतो.

म्हणून लेन्सला पाय असेल तर ट्रायपॉडवर कॅमेरा नाही, लेन्सचा पाय लावायचा. त्याखाली १०० ते १५० मिमी लांब प्लेट घ्या आणि क्लॅम्पमध्ये पुढे-मागे सरकवत अशी जागा शोधा की लॉक सोडूनही लेन्स ना पुढे झुकेल ना मागे. त्या जागेवर प्लेटला मार्करनं खूण करून ठेवा, झूम बदलल्यावर थोडी सरकते पण जवळपास तिथेच असते. भिगवणला फ्लेमिंगोंच्या मागे गेलेला आमच्यातला एक जण या एका गोष्टीवर नवीन हेडचे पैसे वाचवून आला.

बॉल पुसणं

अडकत हलणाऱ्या आणि घसरणाऱ्या, दोन्ही बॉलवर पहिला इलाज पुसणं. कोकणातून आल्यावर तर करायचंच, समुद्राच्या हवेतलं मीठ आणि बारीक वाळू बॉलच्या कडेला बसते. वाळू असेल तर आधी बॉल फिरवू नका, ब्लोअरनं उडवा, नाहीतर बॉलच सँडपेपरनं घासल्यासारखा होईल. मग लॉक पूर्ण सोडून, बॉल सगळीकडे फिरवत, दिसेल तेवढा भाग सुक्या मायक्रोफायबरनं, आणि चिकटपणा असेल तर त्याच कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. आत ओतायचं नाही. पूर्ण वाळल्यावर वापरा.

तेल लावायचं नाही. पुन्हा सांगतो, तेल लावायचं नाही, ग्रीस नाही, डब्ल्यूडी-४० नाही. बॉल घट्ट राहतो तोच मुळी घर्षणावर. हे ज्ञान मला घरातलं शिलाई मशीनचं तेल माझ्या पहिल्या हेडमध्ये घातल्यावर झालं. दोन दिवस लोण्यासारखं चाललं, मग काहीच धरेना, चार वेळा पुसूनही आतल्या नायलॉनच्या वाटीत मुरलेलं निघालं नाही. ते हेड आता टेबलावर मोबाइल धरायच्या कामाला लावलंय.

आता मात्र थांबा

एवढं सगळं करूनही बॉलचीच रेघ तुटत असेल तर आतली वाटी झिजली असणार. स्वस्तातली हेड खालून तीन-चार स्क्रू काढून उघडता येतात, मी दोन उघडलीत, एकच परत जोडता आलं. वॉरंटीत असेल तर उघडायचा विचारही करू नका. नॉब गोल फिरत राहतो म्हणजे आटे गेले, हेडच्या अंगावर बारीक चीर दिसतेय, बॉलवर सपाट चट्टा पडलाय, हे सगळं पक्कड लावून निभावून न्यायचं काम नाही, तीन किलोचा सेट दगडावर पडला तर हेडची किंमत फारच किरकोळ वाटेल. फेविक्विक तर कुठेच नको.

व्हिडिओचं फ्लुइड हेड घरी उघडूच नका, आत दाट ग्रीस भरलेलं असतं आणि काउंटरबॅलन्सवाल्यात (कॅमेऱ्याचं वजन तोलून धरणाऱ्यात) ताणलेली स्प्रिंग, ते सर्व्हिसवाल्याकडेच द्या. आणि कॅमेऱ्याच्या बुडाचं भोक स्वतःच हलत किंवा फिरत असेल, किंवा त्याचे आटे गेले असतील, तर लगेच थांबा, कॅमेरा त्या भोकावर लावूच नका आणि सरळ कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या. बॉडी घरी उघडायची नाही, ज्यात पॉप-अप फ्लॅश आहे त्यात फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही चार्ज धरून असतो आणि चांगला दणका देतो. लेन्सचा पाय अंगातून डुगडुगत असेल तरी तेच.

शेवटी नवीन हेड घ्यायचंच असेल तर

डब्यावरच्या "१५ किलो लोड" कडे बघून घेऊ नका. हा आकडा मोजायची सगळ्यांची एक पद्धत नाहीये, कोणी सरळ वजन ठेवून मोजतं, कोणी कशानं, आणि तुमची लेन्स तर वाकडी लोंबणार असते. मी आपला सेटच्या वजनाच्या तिप्पट तरी आकडा बघतो आणि त्याहीपेक्षा बॉलचा व्यास बघतो, कारण बॉल मोठा तेवढी पकड वाटीच्या कडेला मोठ्या घेरावर मिळते. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी छोटी लेन्स) आणि गडावरची भटकंती असेल तर ३० मिमीच्या आसपासचा बॉल चालतो, काजवे, तारे, लांब एक्स्पोजर असेल तर ३६ च्या खाली मी जाणार नाही, आणि ड्रॅगचा नॉब वेगळा हवाच.

दोन किलोच्या वरच्या लेन्सनं उडते पक्षी टिपायचे असतील तर बॉल हेडचा नादच सोडा, गिंबल घ्या. गिंबल वजन आवळून धरत नाही, तोलून धरतं. लेन्स तोलात बसली की हात सोडला तरी जिथल्या तिथे राहते आणि बोटानं फिरते, मान टाकायचा प्रश्नच मिटतो. मात्र तेच गिंबल लँडस्केपला नुसतं ओझं. हेमाडपंती देवळं, जुने वाडे, प्रॉडक्टचे फोटो, जिथे खांब सरळ हवेत तिथे थ्री-वे (तिन्ही दिशांना वेगवेगळा लॉक असलेलं) किंवा परवडलं तर गिअर्ड (नॉब फिरवून बारीक बारीक सरकणारं) हेड, कारण एक बाजू सरळ करताना दुसरी हलत नाही. व्हिडिओला फ्लुइड हेड, फक्त स्वस्तातल्या पुष्कळशा हेडवर "फ्लुइड" हे नुसतं छापलेलं असतं, आत साधं घर्षणच. आणि ताडोबाच्या जिप्सीत यातलं काहीच उपयोगाचं नाही, तिथे जाऊन तांदूळ भरलेली बीन बॅग टाका.

दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा आणि सगळ्यात लांब लेन्स घेऊन जा. हेड दुकानातल्या ट्रायपॉडवर लावायला सांगा, लेन्स ४५ अंशांत खाली रोखून लॉक करा, लाइव्ह व्ह्यू झूम करून समोरच्या शेल्फची कड बघा आणि लेन्सच्या टोकाला बोटानं हलकी टिचकी मारा. फ्रेम थरथरून परत त्याच जागी आली तर बरं, खालीच राहिली तर डबा परत द्या. आणि मग पाच मिनिटं कॅमेरा तसाच राहू द्या, दुकानदार घड्याळ बघायला लागला तरी.